आत्यांना सांभाळताना स्वतःचा ताण कसा मोजावा

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. चार वर्षं झाली, त्यांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. सांगलीत विश्रामबागेतल्या स्वतःच्याच घरात दिवेलागणीला दाराची कडी काढतात आणि म्हणतात, "मला घरी सोड गं." तुला त्रास होतो का, असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, "छे, आपलंच माणूस." म्हणून सांगते, नुसतं विचारून ताण कळत नाही, मोजावा लागतो.

आधी झॅरिटची प्रश्नावली भरा, सांभाळणाऱ्यावर किती भार पडतो ते ती मोजते. प्रश्न २२, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. वीसपर्यंत भार कमी, ४१ पासून बराच, ६१ पासून फारच. 'ताण' शब्दाशी अडू नका. 'वैताग येतो का', 'स्वतःकडं बघायला वेळ उरतो का', असं आपल्या बोलीत वाचा. आणि घरच्यांसमोर तर भरूच नका. नणंदेसमोर बसून भरली तेव्हा माझे १८ आले. आत्या झोपल्यावर ओट्यापाशी उभ्यानं, एकटीनं भरली, तेव्हा ४७. खरा आकडा तोच.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांबद्दल संशोधक शेरिल वूड्स-जिस्कोम्बे यांनी २०१० साली असंच मांडलं: खंबीर दिसायचं, भावना गिळायच्या, आधी दुसऱ्याचं करायचं. त्यांच्या डोक्यावर वंशभेदाचं ओझंही आहे, ते आपल्या वाट्याला नाही. पण ओठ मिटून राबणं मला लगेच ओळखू आलं.

तोंड नाही म्हणतं, पण अंग बोलतं. म्हणून सात दिवस सकाळ-संध्याकाळ बीपी लिहा. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत, बोलायचं नाही. मिनिटभरानं परत मोजा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. १३५/८५ किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा. आत्या मशीनची नळी ओढतात, म्हणून मी त्यांच्या हातात घडी घालायला रुमाल देते. त्या एकेक कोपरा जुळवत बसतात, तेवढ्यात माझं होतं.

संशोधक लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरकही मोजतात. ते जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात चढतं, म्हणून नमुन्याची वेळ काटेकोर लागते. घरी त्याच्या मागं लागू नका. त्यापेक्षा रात्री किती वेळा उठलात, ते कॅलेंडरवर मांडा.

महिन्यानं प्रश्नावली पुन्हा भरा, तशीच एकटीनं. मधेच असह्य झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

माझा ४७ चा कागद मी नणंदेच्या हातात दिला. तिनं एकेक प्रश्न वाचला, बराच वेळ काही बोलली नाही. आता शनिवारी दुपारी आत्यांजवळ ती बसते.