टेक्सासमध्ये औषध लिहून देण्याआधी

टेक्सासमध्ये नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासून उपचार करणारी उच्चशिक्षित नर्स) किंवा फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरच्या देखरेखीखाली उपचार करणारा सहायक) म्हणून परवाना मिळाला, तरी औषध लिहून देण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. क्लिनिकमध्ये त्यासाठी डॉक्टरशी लेखी करार लागतो. एका डॉक्टरला असे करार सहसा पूर्णवेळ सातजणांशीच करता येतात, म्हणून सही करण्याआधी त्यांच्याकडे जागा आहे का, हे विचारून घ्या.

करारात कोणती औषधं लिहायची किंवा लिहायची नाहीत, ते स्पष्ट हवं. दरमहा बैठक आणि केसपेपरची तपासणी ठरलेली असावी. बैठकांची नोंद तारखेसह ठेवाच. नेमकी हीच राहून जाते.

खरी चूक होते ती नियंत्रित औषधांत, म्हणजे व्यसन लागू शकतं म्हणून कायद्याने बंधनं घातलेल्या औषधांत. त्यांचे धोक्यानुसार एक ते पाच गट, म्हणजे शेड्यूल, आहेत; आकडा जितका लहान, तितकी बंधनं कडक. कंबरदुखीचा रुग्ण क्लिनिकमध्ये हायड्रोकोडोन हे अफूवर्गीय वेदनाशामक मागतो. ते शेड्यूल दोनमधलं, त्यामुळे तिथे तुम्ही लिहू शकत नाही, डॉक्टरांनी सांगितलं तरीही! ती मुभा फक्त रुग्णालयात दाखल किंवा आपत्कालीन विभागातल्या रुग्णांसाठी आणि हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या सेवेत. ट्रॅमाडॉल हे दुसरं वेदनाशामक शेड्यूल चारमधलं. डीईए या अमेरिकेच्या केंद्रीय अंमली पदार्थ नियंत्रण संस्थेकडे तुमची नोंदणी असेल आणि करारात बसत असेल तर चालतं, पण रिफिल (त्याच चिठ्ठीवर पुन्हा मिळणारं औषध) धरून 90 दिवसांपुरतंच. त्याआधी राज्याच्या प्रणालीत रुग्णाचा औषध-इतिहास पाहणं बंधनकारक आहे.