झडपेच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्या: या चुका टाळा

आईच्या हृदयातली मायट्रल झडप बदलायचं ठरलं तेव्हा हातात तपासण्यांची दीड पानी यादी आली. झडप आकसली आहे हे एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसलंच होतं. मग आता दात, लघवी, फुप्फुसं, थायरॉइड कशाला, असं घरात प्रत्येकाला वाटलं. मामा तर सरळ म्हणाला, "बिल वाढवायचे प्रकार आहेत हे." त्या यादीतली एक ओळ आम्ही मनावर घेतली नाही आणि ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं. ती ओळ होती 'डेंटल फिटनेस'.

दात शेवटी ठेवू नका

आई लहानपणापासून मिश्री लावते. खालची एक दाढ अधूनमधून ठणकायची, लवंग धरली की थांबायची. दाताच्या डॉक्टरांकडे आम्ही भरतीच्या चार दिवस आधी गेलो, कारण आम्हाला ते सगळ्यात किरकोळ काम वाटत होतं. एक्स-रेमध्ये दाढेच्या मुळाशी पू दिसला आणि सगळं थांबलं.

तोंडातले जंतू हिरडीतून रक्तात उतरतात. ते नव्या झडपेवर जाऊन बसले तर एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या भागाचा संसर्ग होतो. कृत्रिम झडपेवरचा हा संसर्ग नुसत्या औषधांनी काढणं फार अवघड असतं, कधीकधी छाती पुन्हा उघडावी लागते. त्यामुळे तोंडात पू ठेवून सर्जन सहसा झडप बसवायला तयार होत नाहीत. त्यात आईला रक्त पातळ करणारी अ‍ॅसिट्रॉम सुरू होती. दाढ काढण्याआधी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ती तपासणी, बघावा लागला, हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागली, आणि जखम भरेपर्यंत वाट बघावी लागली.

म्हणून यादी हातात आली की पहिला फोन दाताच्या डॉक्टरांना करा. झडपेचा आजार आणि रक्त पातळ करणारी गोळी, या दोन्ही गोष्टी खुर्चीत बसण्याआधीच सांगा. अँटिबायोटिक लागेल का, हे त्यांना आणि हृदयाच्या डॉक्टरांना मिळून ठरवू द्या. दुखत नाही म्हणजे कीड नाही, असं समजू नका. कवळी असली तरी हिरड्या दाखवाच.

'उपाशी या' म्हणजे उपवास नव्हे

घशातून करायच्या एकोच्या दिवशी, म्हणजे टीईईच्या दिवशी, आमच्या शेजारी एक आजोबा बसले होते. दिवस एकादशीचा. सिस्टरनी विचारलं, "काही खाल्लंय का?" ते म्हणाले, "छे, उपवास आहे. थोडी साबुदाण्याची खिचडी तेवढी." त्यांना परत पाठवलं. तालुक्याच्या गावाहून पहाटेच्या एसटीने आले होते बिचारे. चूक त्यांची नव्हती. आपल्याकडे उपवास म्हणजे काय आणि दवाखान्यात उपाशी म्हणजे काय, हा फरक त्यांना कुणी समजावूनच सांगितला नव्हता.

या तपासणीत बारीक नळी अन्ननलिकेत उतरवतात. तिथून हृदयाचा डावा वरचा कप्पा अगदी जवळून दिसतो, आणि बाहेरून केलेल्या एकोत निसटणारी रक्ताची गुठळीही सापडते. पोटात अन्न असलं तर उलटी होऊन ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून आधी निदान ६ तास काहीही खायचं नाही. दुधाचा चहासुद्धा अन्नातच धरा. पाणी किती वाजेपर्यंत चालेल आणि सकाळच्या बीपीच्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच विचारा. उपाशीपोटी नेहमीचा डोस घेतला तर साखर धाडकन उतरते.

हलणारा दात असेल, कवळी असेल, गिळताना घास अडकत असेल, तर नळी घालण्याआधी सांगा. तपासणीनंतर घसा काही वेळ बधिर राहतो. बधिरपणा जाईपर्यंत घोटभर पाणीही देऊ नका, ठसका लागतो.

गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, लपवूही नका

"ऑपरेशन आहे ना, मग रक्त पातळ करायची गोळी बंद" असं कुणीतरी सांगतं आणि माणसं ऐकतात. झडप आकसलेली आणि ठोके अनियमित असतील तर गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका खरा असतो. ही गोळी किती दिवस आधी थांबवायची आणि मधल्या काळात हेपॅरिनची (रक्त पातळ ठेवणारी) इंजेक्शनं लागतील का, हे फक्त डॉक्टर ठरवतात. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते: तारीख पुढे गेली की त्याच दिवशी विचारा, गोळीचं आता काय करायचं? आईची गोळी दुसऱ्या दिवसापासून थांबवायची होती. मी फोन केला नसता तर ती तीन आठवडे बंदच राहिली असती.

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या सुरू असतील तर आवर्जून सांगा. या गोळ्या ऑपरेशनच्या साधारण ३ दिवस आधी थांबवतात, कारण साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. हृदय कमजोर असलेल्यांना मधुमेह नसतानाही त्या देतात, त्यामुळे "मला साखर नाही" म्हणणाऱ्यांच्या डब्यातही त्या निघतात. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचं अँजिओग्राफीआधी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीआधी) विचारा, विशेषतः क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीतला आकडा, वाढलेलं असेल तर.

काढे, गुग्गुळ, लसणाच्या कॅप्सूल, केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या यांना आपण औषध मानतच नाही. बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. नावं आठवत बसू नका, घरातले सगळे डबे आणि पाकिटं एका पिशवीत घालून घेऊन जा.

नुसता कागद पुरत नाही

एकोच्या आणि अँजिओग्राफीच्या कागदाबरोबर सीडीही मागून घ्या. झडप कशी हलते, कुठे चुना (कॅल्शियम) साचलाय, हे सर्जनना स्वतः बघायचं असतं. सीडी नसली की तपासणी पुन्हा होते, अँजिओग्राफी असेल तर तिच्यात टोचतात त्या रंगद्रव्याचा, म्हणजे डायचा, भारही पुन्हा किडनीवर पडतो.

दोन ठिकाणच्या एकोत आकडे थोडे वेगळे आले म्हणून घाबरू नका. निरोगी मायट्रल झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं, ते दीड किंवा त्याहून कमी झालं की आजार गंभीर धरतात. पण झडपेवरचा दाब ठोक्यांच्या वेगाप्रमाणे बदलतो. दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवा, आवडता तेवढाच दाखवू नका.

"ब्लॉकेज नाही, मग अँजिओग्राफी कशाला?" हाही घरोघरचा प्रश्न. साधारण चाळिशीपुढच्या रुग्णांत ती करतात, कारण रक्तवाहिनी बंद निघाली तर बायपास त्याच वेळी करता येते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर तपासण्यांवर पैसे घालण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनीसाला, भेटा. रेशन कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय ना, तेही तेव्हाच बघा. रक्तदातेही आधीच बोलून ठेवा. रक्त दिल्यानंतर पुरुषाला ९० आणि बाईला १२० दिवस पुन्हा देता येत नाही, हे ऐनवेळी कळतं.

बाईला स्वतः बोलू द्या

संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्यांत तरुण मुली, सुना बऱ्याच असतात. पाळी चुकली आहे का, पुढे मूल हवंय का, हे प्रश्न तपासण्यांच्या वेळीच विचारतात आणि उत्तर सासू किंवा नवरा देऊन टाकतो. असं करू नका. धातूची झडप बसली की वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी कायमची, आणि तिने गर्भाला इजा होऊ शकते. कोणती झडप बसवायची हे या उत्तरावरही अवलंबून असतं. तिला डॉक्टरांशी एकटीने बोलायला दहा मिनिटं मिळू द्या.

भरतीच्या रात्री आईला कणकण वाटली. "सांगू नकोस, परत तारीख जाईल," असं ती मला म्हणाली. मी सिस्टरना सांगितलं. त्यांनी थर्मामीटर लावला, लघवी पुन्हा तपासायला पाठवली, छाती ऐकायला डॉक्टर रात्री अकराला आले. काही निघालं नाही. सकाळी आठला आईला आत नेलं.