अँफोटेरिसिनची बाटली लावण्याआधी: वॉर्डातल्या सिस्टर-ब्रदरसाठी तयारीची यादी

अँफोटेरिसिन हे बुरशीच्या संसर्गावरचं औषध. त्याची ऑर्डर वाचताना सगळ्यात आधी एकच शब्द शोधा: लायपोसोमल, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म कणांत बांधलेलं. ‘इंजेक्शन अँफो 300 मिग्रॅ’ एवढंच खरडलेलं असेल तर व्हायलला हात लावू नका. डॉक्टरांना फोन करा आणि पूर्ण नाव केसपेपरवर लिहून घ्या. 60 किलोच्या पेशंटला लायपोसोमल किलोमागे 5 मिग्रॅ धरलं की 300 होतं. म्युकरमध्ये, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजारात, हा डोस नेहमीचा. साध्या, म्हणजे डिऑक्सिकोलेट अँफोटेरिसिनची मर्यादा मात्र दिवसाला किलोमागे 1.5 मिग्रॅ. म्हणजे त्याच पेशंटला कमाल 90. साधं औषध 300 गेलं तर हृदय बंद पडू शकतं. 2021 च्या दुसऱ्या लाटेत म्युकरच्या पेशंटनी वॉर्ड भरले, लायपोसोमलचा तुटवडा पडला आणि मागे पडलेलं साधं अँफोटेरिसिन पुन्हा कपाटात आलं. तेव्हापासून दोन्ही नावं तोंडी ‘अँफो’च आहेत, म्हणून ही पायरी पहिली. दोघींनी वेगवेगळा हिशोब करून मग तो जुळवायचा. एकीने सांगायचं आणि दुसरीने ‘हो हो’ म्हणायचं, याला डबल चेक म्हणत नाहीत.

वजन काट्यावर घ्या, नातेवाइकांच्या अंदाजाने नको. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) यांचे ताजे रिपोर्ट हाताशी हवेत. पोटॅशियम 3.5 च्या खाली असेल तर आधी डॉक्टरांना कळवा. मॅग्नेशियम उतरलेलं असेल तर नुसतं पोटॅशियम देत बसून पोटॅशियम वर येत नाही, म्हणून मॅग्नेशियमचंही त्याच फोनवर विचारा. आणि पोटॅशियम क्लोराइड सिरिंजने थेट शिरेत कधीही नाही. ते पातळ करूनच, ठरलेल्या वेगाने जातं.

आता लाइन, आणि इथे जरा थांबा, कारण हात सवयीने चालतो. आपल्याला प्रत्येक औषधाआधी लाइन एनएसने (नॉर्मल सलाइन, मिठाचं पाणी) फ्लश करायची, म्हणजे धुवायची सवय. अँफोटेरिसिन एनएसला भेटलं की साका धरतं. साधं असो वा लायपोसोमल, बाटली 5 टक्के डेक्स्ट्रोजचीच, आणि आधीचा-नंतरचा फ्लशही त्याचाच. किडनी सांभाळायला अँफोच्या आधी 500 मिली एनएस देण्याची ऑर्डर बहुतेकदा असते. ते संपल्यावर लाइन डेक्स्ट्रोजने धुऊन घ्या. पेशंट हृदयाचा किंवा डायलिसिसचा असेल तर हे 500 मिली त्याला झेपेल का, ते आधी विचारून ठेवा.

साध्या औषधाची 50 मिग्रॅची व्हायल 10 मिली स्टराइल वॉटरमध्ये विरघळवायची. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नको. हाताच्या शिरेतून द्यायचं तर 50 मिग्रॅला 500 मिली डेक्स्ट्रोज लागतं, आणि ते 2 ते 6 तासांत जातं. लायपोसोमलच्या 50 मिग्रॅच्या व्हायलमध्ये 12 मिली वॉटर घालून निदान 30 सेकंद जोरात हलवा. मग खोक्यात येणाऱ्या 5 मायक्रॉनच्या फिल्टरमधून डेक्स्ट्रोजमध्ये सोडा. याला साधारण 2 तास लागतात. नातेवाईक बाहेरच्या केमिस्टकडून व्हायली आणणार असतील तर कोल्ड पॅकचं त्यांना आधीच सांगा, पण बर्फात बुडवून आणू नका असंही सांगा. गोठलेलं लायपोसोमल वापरायचं नाही.

या औषधाने थंडी वाजते, त्याची तयारी बाटली चढवण्याआधी. पॅरासिटामॉल आणि अ‍ॅविल (अ‍ॅलर्जीचं औषध) ऑर्डरप्रमाणे आधीच गेलेलं हवं, हायड्रोकॉर्टिसोन आणि पेथिडिन लागलं तर कुठे आहे ते माहीत हवं. जुलैत वॉर्डातली पांघरुणं दमट असतात, म्हणून एक कोरडं ब्लँकेट सकाळीच काढून ठेवा. पहिला तासभर दर 15 मिनिटांनी ताप, नाडी, बीपी, मग अर्ध्या तासाने. पेशंटला आणि शेजारी बसलेल्या माणसाला सांगून ठेवा की हुडहुडी भरू शकते, ताप येऊ शकतो. न सांगितल्यास तो माणूस घाबरून स्वतःच क्लॅम्प लावून मोकळा होतो. लघवी मोजायचं भांडं खाटेखाली आणि चार्ट खाटेला, दोन्ही आधीच.

शेजारच्या खाटेला कॅस्पोफंजिन, हे बुरशीवरचंच दुसरं इंजेक्शन, असेल तर नियम नेमका उलटा. त्याला डेक्स्ट्रोज चालत नाही, एनएस किंवा आरएल (रिंगर लॅक्टेट) हवं, तासाभरात. पहिल्या दिवशी 70 मिग्रॅ, पुढे बहुधा 50. या दोघांच्या बाटल्या एका ट्रॉलीवर मी ठेवू देत नाही. रागावलेत तरी चालेल.

बुरशीवरच्या गोळ्यांवर आलेल्यांचं काम सोपं, पण विचारायचं बरंच. एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालू आहे का, हा प्रश्न मुंबईत कुणालाही विचारावाच लागतो: त्यातलं रिफाम्पिसिन व्होरिकोनॅझोलला रक्तात टिकूच देत नाही, दोन्ही एकत्र देत नाहीत. व्होरिकोनॅझोल जेवणाच्या एक तास आधी किंवा नंतर. त्याने नजरेसमोर झगमग होते, म्हणून रिक्षा-टॅक्सी चालवणाऱ्याला रात्रीची पाळी सोडायला सांगा, आणि उन्हात अंग झाकायलाही. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल मात्र भरल्या पोटी, आणि गॅसची गोळी सोबत नको. पेशंट पॅन (गॅसचीच गोळी) घेतो का, हे बहुतेक वेळा बायकोलाच ठाऊक असतं. हार्ट फेल्युअर असेल तर इट्राकोनॅझोलबद्दल डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पहिला डोस नको. फ्लुकोनॅझोलसोबत रक्त पातळ करणारं वॉर्फरिन असेल तर आयएनआरवर (रक्त गोठण्याची तपासणी) लक्ष ठेवा, शुगरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर ग्लुकोमीटर जवळ ठेवा. ईसीजीत क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातलं एक अंतर) आधीच लांबलेला असेल तर या अ‍ॅझोलपैकी (नावाच्या शेवटी ‘कोनॅझोल’ येणाऱ्या औषधांपैकी) बहुतेकांबद्दल आधी विचारा.

डिस्चार्जच्या आधी क्रिएटिनिन-पोटॅशियमची पुढची तारीख कार्डावर मोठ्या आकड्यांत लिहा. कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्याला रक्त घराजवळच्या लॅबमध्ये देऊन रिपोर्ट घेऊनच यायला सांगा.