काळ्या कन्सोलवर चित्रांसकट वेब

मिरजेत मी ॲम्प्लिफायर दुरुस्त करते. सोल्डरिंगच्या टेबलावर एक जुना नेटबुक असतो: १ जीबी रॅम, १०२४ बाय ६०० चा स्क्रीन, त्यावर डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. डेस्कटॉप मुद्दामच टाकलेला नाही, सगळं काम कन्सोलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावर. बरेच दिवस साध्या टेक्स्ट ब्राउझरवर भागवलं, पण चित्राच्या जागी नुसतं कंसातलं ‘आयएमजी’ दिसायचं. ७८०५ या व्होल्टेज रेग्युलेटर आयसीची पहिली पिन इनपुट आणि मधली ग्राउंड. ७९०५ ची मात्र पहिली ग्राउंड आणि मधली इनपुट. घाईत अदलाबदल झाली की आयसी गेला. असल्या कामाला चित्र डोळ्यांसमोरच हवं.

त्यासाठी मी लिंक्स२ वापरते. हा ब्राउझर लिनक्सच्या फ्रेमबफरवर, म्हणजे थेट स्क्रीनच्या मेमरीत, चित्र काढतो. खालच्या आज्ञा टाइप करताना रोमन लिपीतली छोटी अक्षरं वापरा.

आधी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिंक्स२ जीपीएम’. जीपीएम विसरू नका, कन्सोलवर माउस त्याच्यामुळेच चालतो. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून खऱ्या कन्सोलवर लॉगिन करा आणि ‘लिंक्स२ -जी’ लिहून पुढे पत्ता द्या. एसएसएचमधून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून, हे चालवू नका. चित्र उमटायला हवं ते समोरच्या स्क्रीनवर.

बहुतेकांचं गाडं इथेच अडतं, माझंही अडलं होतं. फ्रेमबफरची फाइल, ‘/डेव्ह/एफबी०’, उघडायची परवानगी साध्या युजरला नसते. म्हणून कुणी सरळ सुडो लावून ब्राउझर चालवतं. कृपा करून तसं करू नका. बाहेरची पानं उघडणाऱ्या प्रोग्रामच्या हातात अख्ख्या मशीनच्या चाव्या कशाला द्यायच्या? त्याऐवजी ‘सुडो ॲडयूजर’, पुढे तुमचं युजरनेम, पुढे ‘व्हिडिओ’ असं लिहून स्वतःला त्या ग्रुपमध्ये घाला. नंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा, नाहीतर बदल लागू होत नाही. तरीही चित्र आलं नाही तर ‘-ड्रायव्हर एफबी’ जोडून पाहा.

जी दाबलं की पत्ता विचारतो, झेडने मागचं पान, क्यूने बाहेर. एस्केप दाबलं की वर मेनू येतो. त्यातल्या व्ह्यूमध्ये, एचटीएमएल ऑप्शन्सखाली, अक्षरांचा आकार आणि चित्रांचं प्रमाण बदलता येतं. छोट्या स्क्रीनवर हे कराच, आणि सेटिंग सेव्ह करायला विसरू नका.

लिंक्स२ला जावास्क्रिप्ट येत नाही, त्यामुळे बँक वगैरे त्यावर होणार नाही. विकिपीडिया मात्र झकास दिसतो, आकृत्यांसकट. माझं निम्मं काम तिथेच होतं.

मराठी पानांचं काय? जोडाक्षरं, वेलांट्या जुळवणं लिंक्स२ला जमत नाही. मराठी वाचायचं असेल तेव्हा मी केज वापरते. हा वेलँडचा (लिनक्सवर खिडक्या दाखवायच्या पद्धतीचा) एवढासा कंपोझिटर, म्हणजे प्रोग्रामच्या खिडक्या स्क्रीनवर मांडणारा, एकच प्रोग्राम पूर्ण स्क्रीनभर दाखवतो. केज, फायरफॉक्स-ईएसआर आणि फॉन्ट्स-लोहित-देवा ही पॅकेजेस घ्या आणि कन्सोलवरूनच ‘केज फायरफॉक्स-ईएसआर’ असं लिहा. १ जीबीत एकच टॅब उघडा ठेवायचा. वाचून झालं, ब्राउझर बंद केला, की केजही बंद होतो आणि तुम्ही परत कन्सोलवर.