फिनसाठी रेझिन निवडताना या चुका टाळा

कोकणात किंवा गोव्यात रेझिन (काचकापड भिजवून घट्ट करायचा द्रव) मागितलं की दुकानदार बहुधा होड्यांसाठी वापरतात ते जीपी, म्हणजे सर्वसाधारण वापराचं, पॉलिस्टर काढून देतो. सर्फबोर्डच्या छोट्या फिनला, म्हणजे बोर्डाखालच्या पात्याला, ते चालतं. २०० ग्रॅमच्या काचकापडाचे तीस-पस्तीस थर त्यात भिजवून जाड पाट करायचा आणि त्यातून फिन कापायची, ही जुनी रीत आहे.

विंडसर्फिंगची लांब, अरुंद फिन मात्र वेगळी. शिडाचा आडवा रेटा तिच्या मुळाशी एकवटतो आणि तुटते तीही तिथेच. तिला इपॉक्सी हे दुसऱ्या प्रकारचं रेझिनच वापरा, असं मी आग्रहाने सांगेन. पॉलिस्टर घट्ट होताना ५ ते ८ टक्के आकसतं, इपॉक्सी त्याहून बरंच कमी. शिवाय वारंवार वाकूनही इपॉक्सीतले थर एकमेकांना धरून राहतात.

सगळ्यात जास्त नुकसान फिनच्या आतल्या गाभ्याच्या चुकीने होतं. पॉलिस्टरमधलं स्टायरीन थर्मोकोल खाऊन टाकतं. वरून फिन छान दिसते, आत पोकळी. थर्मोकोलवर इपॉक्सीच लावा. पण इपॉक्सीसोबत चॉप मॅट (तुकडे केलेल्या काचतंतूंची चादर) घेऊ नका. मॅटचे तंतू धरून ठेवणारा डिंक सहसा स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो, त्यामुळे इपॉक्सीत मॅट ताठच राहते, वळणावर बसत नाही. विणलेलं कापड घ्या.

इपॉक्सी चिकट राहिलं, तर आधी माप तपासा. पॉलिस्टरची सवय असलेले लोक लवकर सुकावं म्हणून हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव्य) वाढवतात. इपॉक्सीत त्याचं प्रमाण ठरलेलं असतं. जादा हार्डनर तसाच उरतो आणि फिन कायमची मऊ पडते. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं, तेही वाचा. पावसाळी दमट हवेत वर मेणचट थर आला, तर पाण्याने घासून धुवा, मगच पॉलिश पेपर मारा.

उन्हातल्या गाडीत ठेवलेली फिन वाकडी झाली? नुसत्या खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली बरीच इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडू लागतात. कंपनीच्या तापमान-वेळेच्या तक्त्याप्रमाणे फिन सपाट फळीवर दाबून शेका.

पॉलिस्टर वापरणार असाल, तर कोबाल्ट (घट्ट होणं वेगवान करणारं द्रव्य) आणि कॅटॅलिस्ट (घट्ट होणं सुरू करणारं द्रव्य) कधीही थेट एकत्र ओतू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, कॅटॅलिस्ट त्यानंतर.