लिनक्सवर आवाज फाटतोय? आधी कुठे फाटतोय ते शोधा

लिनक्सवर आवाज फाटला की पहिला सल्ला ठरलेला: सिस्टीम पुन्हा टाका. दुसरा: पल्सऑडिओ काढून पाइपवायर बसवा, पाइपवायर असेल तर उलटं करा (दोन्ही लिनक्समध्ये आवाजाची वाहतूक सांभाळणारे प्रोग्राम). कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा बेळगावभोवतीच्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. अशा कार्यक्रमांची भाषणं मिक्सरवरून लॅपटॉपवर घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडून बरीच वर्षं झाली. या दोन सल्ल्यांनी माझा फाटका आवाज एकदाही शिवला गेलेला नाही.

आधी कान लावा. हळू बोलतानाही मधेच तडतड, टकटक येत असेल तर तो वेळेचा घोळ आहे. सूर चढल्यावरच आवाज घोगरा, चिरका होत असेल तर पातळी जास्त झाली आहे. सतत घूंऽऽ असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा; थांबलं तर दोष अर्थिंगचा, लिनक्सचा नाही.

तडतडीचा उपाय सोपा. फेडोरा ३४ (२०२१) आणि उबंटू २२.१० (२०२२) पासून पाइपवायरच येतं, तेव्हा टर्मिनलमध्ये ‘पीडब्ल्यू-टॉप’ (pw-top) चालवा. ‘ईआरआर’ (ERR, म्हणजे चुका) रकान्यातला आकडा तडतडीबरोबर वाढत असेल तर क्वांटम, म्हणजे आवाजाचे किती नमुने एका घासात घ्यायचे तो आकडा, १०२४ वरून २०४८ करा. ४८ हजार हर्ट्झला म्हणजे २१ मिलिसेकंदांऐवजी ४३. भाषणाच्या रेकॉर्डिंगला तेवढ्या उशिरानं काही बिघडत नाही.

गाणी ऐकताना फाटत असेल तर आवाजाची पट्टी १०० टक्क्यांच्या पुढे गेली आहे का बघा. पॅव्हूकंट्रोल या आवाज कमी-जास्त करायच्या प्रोग्राममध्ये ती १५३ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे ११ डेसिबल, लहरीची उंची साडेतीन पट. सोळा बिटांत सगळ्यात मोठा आकडा ३२७६७. त्याच्या वर जागाच नाही, म्हणून लहरीचे शेंडे छाटले जातात. पट्टी १०० वर आणा आणि स्पीकर मोठा घ्या.

आता खरं दुखणं: रेकॉर्डिंग.

एका गावी अध्यक्षांचं पाऊण तासाचं भाषण घेतलं. घरी येऊन ऐकलं तर पत्र्याच्या डब्यात कुणी ओरडतंय असं. साऊंडवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, “आमच्याकडनं क्लीनच हाय की ओ सर.” मी आठवडाभर सेटिंगं कुरतडत बसलो. दोष त्यांचा नव्हताच. मिक्सरची पिन मी लॅपटॉपच्या एकुलत्या एका जॅकमध्ये खुपसली होती. तो जॅक हेडसेटचा. धातूच्या तीन भागांची (दोन काळ्या रेघांची) साधी स्टिरिओ पिन घातली की लॅपटॉप तिला हेडफोन समजतो आणि रेकॉर्डिंग स्वतःच्या आतल्या माईकवरूनच करतो. माझा लॅपटॉप स्टेजच्या कर्ण्याशेजारी आणि माईक बूस्ट, म्हणजे माईकचा आवाज आणखी वाढवणारी पट्टी, शेवटच्या टोकाला. फाटणार नाही तर काय होणार!

तेव्हापासून माझा नियम: रेकॉर्डिंग सुरू करून लॅपटॉपच्या अंगावर नखानं दोन टिचक्या मारायच्या. टिचक्या पडद्यावर उमटल्या तर आतलाच माईक चालू आहे, वायर नुसती लटकते आहे. हे न करता कुणीही पुढची पायरी सांगू नये.

वायरीतून आवाज येतो हे पक्कं झालं की टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (alsamixer) हा साऊंड कार्डाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम उघडा. एफ६ दाबून खरं कार्ड निवडा, नाहीतर पाइपवायरची एकच पट्टी दिसत राहील. एफ४ नं कॅप्चरच्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या, पट्ट्या येतात. माईक बूस्ट शून्यावर आणा. अर्धवट नव्हे, शून्यावर. २० डेसिबल म्हणजे दहा पट, ३० म्हणजे एकतीस पटींहून जास्त. कॅप्चर ० डेसिबलला ठेवा. आकडा वर डाव्या कोपऱ्यात दिसतो.

मग ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये अर्धा मिनिट घेऊन लहर मोठी करून बघा. शेंडे टोकदार असतील तर ठीक. कात्रीनं कापल्यासारखे सपाट असतील तर कॅप्चर निम्मं करून पुन्हा घ्या. लहर बुटकी झाली, पण शेंडे सपाटच राहिले, तर आवाज त्या पट्टीच्या आधीच फाटला आहे. आता लिनक्समधली कुठलीही पट्टी हलवून उपयोग नाही. मिक्सरच्या व्यावसायिक लाईन आऊटला सव्वा व्होल्टच्या आसपास दाब असतो, माईकच्या जॅकला हवे असतात काही मिलिव्होल्ट. भाताच्या वाफ्यात धरणाचं पाणी सोडल्यासारखं होतं.

डेस्कटॉपला माईकचा वेगळा जॅक असेल तर वायरीत १० किलोओहमचा रेझिस्टर सलग आणि १०० ओहमचा अर्थला जोडा, दाब शंभराव्या हिश्शावर येतो. लॅपटॉपच्या हेडसेट जॅकला हा प्रयोग करू नका. १०० ओहम बघून तो हेडसेटचं बटण दाबलं असं समजू शकतो. तिथं लाईन इन असलेलं यूएसबी साऊंड कार्डच घ्यावं. बाजारात मिळणाऱ्या बोटाएवढ्या स्वस्त कार्डांना बहुतेकदा नुसता माईक इन असतो, तेव्हा डब्यावर ‘लाईन इन’ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पातळी लावताना निवेदकाच्या आवाजावर विसंबू नका. वक्ता सीमाप्रश्नावर आला की सूर चढतो, समोरून घोषणा सुरू होतात. रेकॉर्डिंगच्या मीटरवर (तिथं शून्य म्हणजे छप्पर) साध्या बोलण्याचे शेंडे उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवा, म्हणजे त्या वेळी जागा उरते. हळू झालेला आवाज नंतर वाढवता येतो. कापलेला शेंडा परत उगवत नाही. फाटका आवाज ‘दुरुस्त’ करणारी फिल्टरं मी वापरून बघितली आहेत; पत्र्याचा डबा फक्त प्लास्टिकचा होतो.

सगळं जमलं की पट्ट्या जतन करायला सूडो लावून ‘अल्साकटीएल स्टोअर’ (sudo alsactl store) चालवा. एकदा मशीन बंद-चालू करून बूस्ट शून्यावरच आहे ना ते बघा, कारण पाइपवायर कधीकधी आपलंच खरं करतं. हे आदल्या रात्री घरीच उरका. मंडपात लाईट कधी जाईल ते सांगता येत नाही.