रविवारी बघितलेलं घर आणि मंगळवारचं राहणं: जागा ठरवायची कशी

कुणालाही विचारून बघा, तुम्ही इथेच का राहता? पहिलं उत्तर ठरलेलं, "एरिया चांगला आहे." जरा खोदून विचारलं की खरं बाहेर येतं. ऑफिस जवळ पडायचं म्हणून आलो, ते ऑफिस सोडून सहा वर्षं झाली पण सामान हलवायचा कंटाळा. किंवा बहीण मागच्या गल्लीत राहते. किंवा आधीच्या मालकाने भाडं वाढवलं, आठ दिवसात जागा हवी होती आणि ही एकच रिकामी होती. म्हणजे बरेचदा जागा आपण निवडत नाही, ती गळ्यात पडते आणि कारणं आपण मागाहून चिकटवतो.

हे काही आजचं नाही. रेव्हनस्टाईन नावाच्या भूगोलाच्या अभ्यासकाने १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेचे आकडे घेऊन लोक कुठून कुठे जातात ते मांडलं, त्यात त्याला दिसलं की जागा बदलणारे बहुतेक लोक फार लांब जातच नाहीत, जवळच्या जवळ सरकतात. आणि लोकांचा लोंढा एकीकडे चालला की थोडे लोक उलट्या दिशेनेही येत असतात. त्यामुळे "सगळे तिकडेच चाललेत" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, परत कोण आलं आणि का आलं? परत आलेल्या माणसाकडून जेवढी खरी माहिती मिळते तेवढी जाहिरातीतून जन्मात मिळणार नाही.

तर काम कुठून सुरू करायचं? नवीन घरं बघण्यापासून नाही. आधी आत्ता जिथे राहताय तिथला हिशोब काढा. दोन आठवडे रोज रात्री झोपताना फोनच्या नोट्समध्ये चार ओळी टाका, आज कुठे कुठे गेलो, जायला किती वेळ गेला, कशाने डोकं फिरलं, कशाने बरं वाटलं. एवढंच. मी हे केलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. मी सगळ्यांना सांगत फिरायचे की मला मोठी बाग जवळ हवीच, त्याशिवाय घर नाही. चौदा दिवसांच्या नोट्समध्ये बाग एकदा आली, तीही शॉर्टकट म्हणून आडवी मारली होती. मेडिकलवाल्याकडे पाच वेळा. आईकडे चार वेळा, आणि तिच्याकडे जायला दर वेळी पाऊण तास. म्हणजे बाग हवी हे मी स्वतःबद्दलचं एक छान चित्र रंगवलं होतं, आणि त्या चित्रातल्या बाईसाठी घर शोधत होते.

ही चूक सगळेच करतात म्हणे. श्केड आणि काहनमन या दोन संशोधकांनी १९९८ मध्ये एक अभ्यास छापला, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या आणि मिडवेस्टच्या, म्हणजे मधल्या थंडीच्या भागातल्या, कॉलेजातल्या मुलांना विचारलं की तुम्ही एकूण आयुष्यावर किती खूश आहात. दोन्हीकडची मुलं जवळपास सारखीच खूश निघाली. गंमत म्हणजे दुसऱ्या भागातली मुलं किती खूश असतील असं विचारल्यावर दोघांनीही सांगितलं, कॅलिफोर्नियावाली जास्त, तिकडे हवा मस्त ना! लांबून बघताना हवा एवढी मोठी दिसते की बाकी काही दिसतच नाही, आणि तिथे राहणारा माणूस मात्र परीक्षा, मित्र, पैसे, दातदुखी यातच असतो. म्हणून कुठल्याही जागेची एकच गोष्ट डोक्यात बसली असेल, समुद्र दिसतो, डोंगर दिसतो, स्विमिंग पूल आहे, तर स्वतःला विचारायचं की मंगळवारी दुपारी अकरा ते पाच माझ्या दिवसात ही गोष्ट नक्की कुठे येणार?

आता यादी करा, पण दोन रकान्यांची. एका बाजूला सवय होणाऱ्या गोष्टी आणि दुसऱ्या बाजूला सवय न होणाऱ्या. माझ्या मते अख्खा निर्णय इथेच होतो. हॉल मोठा, नवीन टाइल्स, चकाचक लॉबी, याची सवय होते, तीन महिन्यात दिसेनासं होतं. वाईटाचंही तसंच, छोटं किचन, जुना रंग, बाथरूमची विचित्र जागा, चालून जातं. पण काही गोष्टी रोज नव्याने टोचतात. रात्रीचा आवाज, कधी आहे कधी नाही असं पाणी, ओल, खालचा रागीट शेजारी, आणि सगळ्यात वर जाण्यायेण्याचा वेळ.

जाण्यायेण्यावर जरा जास्त बोलते कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. गणित असं मांडलं जातं की लांब गेलो तर भाडं कमी आणि खोली एक जास्त, मग रोज अर्धा तास जास्त गेला तर काय बिघडतं. स्टुत्झर आणि फ्राय या स्विस अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची बऱ्याच वर्षांची माहिती तपासून २००८ मध्ये लिहिलं की हे गणित जुळत नाही, ज्यांचा प्रवास लांबचा ते लोक आयुष्यावर कमी समाधानी निघतात, म्हणजे स्वस्त घर किंवा मोठा पगार त्या प्रवासाची पूर्ण भरपाई करत नाही. दुसरीकडे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस कुठल्याही काळातला घ्या, दिवसाला साधारण एक तास जाण्यायेण्यात घालवतो, वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, घर लांब जातं. पायी चालायच्या काळातली जुनी शहरं म्हणून तर साधारण पाच किलोमीटर रुंदीत मावायची, मधून काठापर्यंत अर्धा तास.

तर दोन्ही वेळचा मिळून एक तास ही रेघ धरा. दाराला कुलूप लावल्यापासून खुर्चीत बसेपर्यंतचा वेळ हं, नकाशावर दिसतो तो नाही. लिफ्टची वाट बघणं, गाडी काढणं, स्टॉपवर उभं राहणं सगळं धरून. रोज अर्धा तास जास्त म्हणजे वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस धरले तरी १२५ तास, आठ तासांच्या दिवसाने भागलं तर पंधरा दिवसांपेक्षा जास्त. पंधरा दिवसांची रजा देऊन एक खोली घेताय, परवडत असेल तर घ्या, पण हे माहीत असून घ्या. घरात दोघं कामाला जात असतील तर मधोमध घर घेऊ नका लगेच, मधोमध म्हणजे कधीकधी दोघांनाही सारखाच त्रास. ज्याची नोकरी जास्त टिकणार त्याच्या बाजूला सरका, किंवा मुलांना घ्यायला सोडायला जो जातो त्याच्या बाजूला.

घर बघायला कधी जायचं? आम्ही एक जागा रविवारी दुपारी चार वाजता बघितली. खिडकीतून मस्त ऊन, खाली शांत रस्ता, एक मांजर बॉनेटवर झोपलेली. लगेच हो म्हटलं. राहायला गेलो आणि सोमवारी पहाटे पावणेसहाला खालच्या गोडाऊनचं शटर खडखडत वर गेलं, मग रिकामे क्रेट एकावर एक आपटायचा आवाज, मग टेम्पो रिव्हर्स घेताना टूंटूंटूं. रविवारी गोडाऊन बंद असतं, शटर रस्त्याच्याच रंगाचं, आम्ही त्याच्यासमोर उभं राहून मालकाशी बोललो होतो तरी लक्षात आलं नाही. अकरा महिने काढले तिथे, करार संपेपर्यंत. आवाजाचं एक लक्षात ठेवा, डेसिबलचा आकडा साध्या बेरजेने चालत नाही, १० डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट मोठं वाटतं. त्यामुळे फोनवरच्या ॲपमध्ये ४५ च्या जागी ५५ दिसले तर "थोडंसंच जास्त आहे" म्हणून सोडू नका.

म्हणून कुठलीही जागा तीनदा बघायची. एकदा कामाच्या दिवशी सकाळी लवकर, एकदा रात्री दहानंतर, आणि एकदा जमलंच तर मुसळधार पावसात. पावसातली चक्कर सगळ्यात जास्त शिकवते, रस्त्यावर पाणी कुठे साठतं, जिन्यात कुठून गळतं, छताच्या कोपऱ्यात काय दिसतं. आत गेलात की कपाट भिंतीला टेकवलेलं असेल तर मागे हात घालून बघा, भिंत गार आणि चिकट लागली तर ओल आहे, रंग कितीही ताजा असो. उलट ताजा रंग फक्त एकाच भिंतीला असेल तर जास्तच संशय घ्या. सगळे नळ एकदम सोडा आणि फ्लश करा. मोबाईलची रेंज बेडरूममध्ये उभं राहून बघा, हॉलमध्ये नाही. खिडक्या बंद करून दोन मिनिटं गप्प उभं राहा, बरोबरचा एजंट बोलतच राहतो, त्याला सांगा जरा थांबा.

नदी किंवा नाला जवळ असेल तर अजून एक. "इथे शंभर वर्षांत एकदाच पूर येतो" असं ऐकलं की लोकांना वाटतं आपल्या हयातीत नाही येणार. त्याचा खरा अर्थ असा की दर वर्षी एक टक्का शक्यता, आणि तीस वर्षं तिथे राहिलात तर त्या काळात एकदा तरी पूर येण्याची शक्यता जवळपास २६ टक्के होते. चारात एक! तळमजल्यावरच्या जुन्या माणसाला विचारा पाणी कुठवर आलं होतं, तो हाताने भिंतीवर दाखवेल. आणि विजेचे मीटर उगाचच डोक्याच्या वर बसवलेले दिसले तर कुणीतरी आधी शिकलेलं आहे असं समजा.

माणसांचं काय? हा रकाना लोक रिकामा ठेवतात आणि नंतर एकटं वाटतं म्हणून रडतात. फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या साथीदारांनी १९५० मध्ये एका अमेरिकन कॉलेजच्या वसाहतीतल्या मैत्रीचा अभ्यास मांडला होता. एकाच मजल्यावरच्या घरांपैकी अगदी शेजारच्या दारातल्या लोकांना जवळचे मित्र म्हणून सांगणारे ४१ टक्के होते, आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्या बाबतीत फक्त १० टक्के. अंतर किती, तर काही पावलं. जिन्याजवळच्या घरांची ओळख वरच्या मजल्याशी जास्त, कारण येताजाता तोंड दिसायचं. यातून मी एवढंच घेतलं की नवीन ठिकाणी ओळखी व्हाव्यात असं वाटत असेल तर जिथे वाटा एकमेकींना लागतात तिथे राहा, एक गेट, एक जिना, एक बाक. आणि एकांत हवा असेल तर बरोबर उलटं करा, तेही कारण चांगलंच आहे, त्यासाठी कुणाची माफी मागायची गरज नाही.

आधीपासूनच्या आपल्या माणसांसाठी माझी कसोटी साधी आहे, फोन न करता जाता येतं का. दहा-पंधरा मिनिटांच्या आत असेल तर जाता येतं, पाऊण तास असेल तर प्लॅन करावा लागतो आणि प्लॅन रद्द होतात.

एकटे नसाल तर यादी प्रत्येकाने वेगळी लिहा, एकमेकांची न बघता. मग प्रत्येकाला तीनच "अजिबात चालणार नाही" द्यायचे, चौथा नाही. आमच्याकडे नवऱ्याच्या यादीत पहिलं होतं पार्किंग, माझ्या यादीत पार्किंग नव्हतंच, आणि दोन वर्षं आम्ही ज्यावर भांडत होतो तो बाल्कनीचा विषय दोघांच्याही यादीत नव्हता. मुलांना पण विचारा, त्यांचं कारण बहुतेक वेळा एका मित्राचं नाव असतं आणि ते तुमच्या कारणांपेक्षा खरं असतं. म्हातारं माणूस असेल तर जिना मोजा, लिफ्ट बंद पडेल त्या दिवसाचा विचार करून.

पैशाचं फार लिहीत नाही, ते सगळे करतातच. फक्त भाड्यात किंवा हप्त्यात प्रवासखर्च आणि मेंटेनन्स मिळवून एकच आकडा काढा आणि जागा त्या आकड्याने ताडून बघा. अगदी नवीन शहर असेल तर आधी भाड्याने राहा, सगळे ऋतू एकदा बघून होऊ देत, मग विकत घ्यायचं बघू.

आणि हो, शिफ्ट झाल्यावर सहा महिन्यांनी फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा आणि ती दोन आठवड्यांची नोंद परत करा. मी केली. आता आईपासून बारा मिनिटांवर राहतो. बाग या घराच्या अगदी समोर आहे, चौदा दिवसात शून्य वेळा गेले. आईकडे नऊ वेळा, त्यातल्या तीनदा नुसती छत्री परत आणायला.